हिरव्या पाण्याची बाटली

गेल्या उन्हाळ्यात आमच्या कोपरीच्या घरात एक बाटली आली. कोकम सरबताची रिकामी बाटली, आणि आत काठोकाठ हिरवे पाणी. दादाच्या नातवाला शाळेत पर्यावरणाचा प्रकल्प होता आणि त्याने ठाण्यातल्या एका तळ्याच्या काठावरून ती भरून आणली होती. पाणी तरी कसे म्हणावे त्याला? रंगाऱ्याने ब्रश धुऊन ठेवलेला डबा असतो ना, तसे. वर बोटभर जाडीची साय, आणि झाकण उघडताच ओल्या गवताचा, थोडा कुजका वास.

वहिनींनी दारातूनच फर्मान काढले, "भावोजी, ते आधी खिडकीबाहेर ठेवा. घरात आजारी माणूस आहे."

आजारी माणूस म्हणजे आमचा दादा. चार वर्षांपासून त्याचे डायलिसिस चालू आहे. आठवड्यातून तीन वेळा, चार-चार तास. मी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवले, आता निवृत्त आहे, तेव्हा त्याला नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे. घरात वाद नको म्हणून बाटली गॅलरीत गेली. पण नातवाला आणि मला, दोघांनाही चैन पडेना. दुपारी सगळे झोपल्यावर मी माझा जुना सूक्ष्मदर्शक काढला, काचपट्टीवर एक थेंब ठेवला आणि त्याला डोळा लावायला सांगितला.

आत दिसत होते ते पिंजलेल्या कापसाचे वेडेवाकडे पुंजके. प्रत्येक पुंजक्यात शेकडो गोल ठिपके, एका मिलिमीटरच्या लांबीत दोनशे बसतील एवढे बारीक. माझ्या नजरेला ते ओळखीचे होते : मायक्रोसिस्टिस. नातू बराच वेळ पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, "काकाआजोबा, हे चावतं का?"

मी 'नाही' म्हणालो. उत्तर बरोबर होते, पण पुरे नव्हते. हे चावत नाही, हलत नाही, कोणाच्या मागे लागत नाही. तरीही अशा हिरव्या पाण्याने गुरे मेली आहेत, कुत्री मेली आहेत आणि एकदा तर ज्या खुर्चीत आमचा दादा आठवड्यातून तीनदा बसतो, तसल्याच खुर्च्यांत बसलेली माणसे मेली आहेत.

०००

आपण ज्याला सरसकट शेवाळ म्हणतो त्यातले हे खरे शेवाळच नव्हे. हे जिवाणू आहेत. हिरव्या वनस्पतींप्रमाणे सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतात, म्हणून जुन्या लोकांनी त्यांना शेवाळात बसवले आणि नीलहरित शेवाळ हे नाव पडले ते पडलेच. त्यांना नुसते खलनायक ठरवणे कृतघ्नपणाचे होईल. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी, आणि तो सोडणारे हेच. भातखाचरात यांच्यातल्या काही जाती हवेतला नत्र धरून पिकाला देतात, प्रा. पी. के. डे यांनी १९३९ मध्ये ते दाखवून दिले, आणि पुढे 'निळे-हिरवे शेवाळ' खत म्हणून आपल्याकडच्या भातशेतीतही शिंपले गेले. औषधाच्या दुकानात मिळणारी स्पिरुलिनाची गोळी याच कुळातली.

आणि नुसत्या रंगावरूनही निवाडा करता येत नाही. २०२० च्या जूनमध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले तेव्हा काय काय तर्क लढवले गेले! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले तेव्हा ते मीठप्रिय सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य निघाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात जुहूच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकल्या, लोक मुलाबाळांना घेऊन पाहायला गेले. तो नॉक्टिल्युका नावाचा आणखी वेगळा जीव.

मग कधी घाबरायचे? पाणी साचलेले, ऊन कडक, वारा पडलेला आणि पाण्यात नत्र-स्फुरदाची रेलचेल. एवढे जमून आले की मायक्रोसिस्टिससारखे जीव बेसुमार वाढतात. त्यांच्या पेशीत हवेच्या अगदी बारीक कुप्या असतात. त्यामुळे ते वर तरंगतात, ऊन खातात, खालच्यांना सावलीत ठेवतात. आमच्या बाटलीतली साय अशीच जमली होती. कितीही हलवा, तासाभरात पुन्हा वर. आणि या जातीतल्या काही वाणांत विष तयार करण्याचा कारखाना असतो, काहींत नसतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोघे अगदी सारखे दिसतात. तीस वर्षे मुलांना 'नीट निरीक्षण करा' म्हणून सांगणाऱ्या मास्तरला हे कबूल करताना थोडे जड जाते.

या विषाची पहिली शास्त्रीय नोंद १८७८ ची. जॉर्ज फ्रान्सिस नावाच्या गृहस्थाने ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराविषयी 'नेचर' नियतकालिकात लिहिले. पाण्यावर तैलरंगासारखी दाट हिरवी साय आली होती आणि ते पाणी प्यालेली मेंढरे, घोडे, कुत्री काही तासांत मरत होती.

०००

आता नातवाच्या प्रश्नाकडे. चावत नाही, तर मग करते काय?

मायक्रोसिस्टिसच्या विषाचे नाव मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांची एक साखळी, आणि साखळीची दोन्ही टोके एकमेकांना जोडलेली, बांगडीच म्हणा. बांगडीला मोकळे टोक नसते, म्हणून पोटातले पाचकरस तिला सहज तोडू शकत नाहीत. आणि उकळत्या पाण्याने तर तिला काहीच होत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचे आहे.

तर ही बांगडी पोटात गेली. आपल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे पातळ आवरण असते. पाण्यात विरघळणारी एवढी मोठी वस्तू त्यातून आपण होऊन आत शिरू शकत नाही, तिला दार लागते. स्नायूंच्या किंवा कातडीच्या पेशींना तसले दार जवळजवळ नाहीच. यकृताच्या पेशींना आहे. यकृत पित्त तयार करते, ते आतड्यात पाठवते आणि पुन्हा गोळा करून परत घेते. या परत घेण्यासाठी त्याच्या पेशींवर खास वाहक प्रथिने असतात. मायक्रोसिस्टिनला ती पित्ताच्याच घटकांसारखी आत ओढून घेतात. म्हणजे चोराने कुलूप फोडलेले नाही. घरातल्यांनीच ओळखीचा समजून दार उघडले. आधी आतड्यात, मग यकृतात. म्हणून हे विष शरीरभर न पसरता यकृतात साठते.

आत गेल्यावर काय होते ते समजायला पेशीचा सांगाडा डोळ्यांसमोर आणावा लागेल. पेशी म्हणजे पाण्याचा फुगा नव्हे. तिच्या आत प्रथिनांच्या दोऱ्या आणि नळ्या ताणलेल्या असतात, मांडवाला बांबू आणि सुतळ्या असतात तशा. हा मांडव सतत थोडा सोडला जातो, थोडा आवळला जातो. कसा? प्रथिनावर फॉस्फेटचा एक छोटा तुकडा चिकटवला की गाठ सैल होते, काढला की घट्ट. चिकटवणारी विकरे वेगळी, काढणारी वेगळी. काढणाऱ्यांना फॉस्फेटेज म्हणतात. दोन्ही गट रात्रंदिवस कामावर, आणि त्यांच्या ओढाताणीतून पेशी आपला आकार राखते.

मायक्रोसिस्टिन बरोबर जाऊन बसते ते या फॉस्फेटेजच्या खोबणीत. आधी नुसते बसते, मग काही तासांत रासायनिक बंधाने कायमचे चिकटते. काढणारे हात बांधले गेले, चिकटवणाऱ्यांचे काम चालूच. गाठीमागून गाठ सैल होत जाते आणि मांडव खाली येतो. पेशी आकसते, गोल होते, शेजारणीचा हात सोडते. यकृतात पेशींच्या ओळींमधून रक्ताच्या अत्यंत नाजूक वाटा गेलेल्या असतात; त्यांच्या भिंतीच ढासळल्यावर रक्त यकृतातच साचू लागते. मोठी मात्रा पोटात गेलेले जनावर काही तासांत मरते, ते बाहेर एक थेंबही न सांडता, आतल्या आत रक्तस्राव होऊन. त्याचे यकृत रक्ताने फुगून जड झालेले सापडते.

मात्रा कमी असेल तर गोष्ट संथ चालते. पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांवर ताण येतो, काही पेशी स्वतःच मरणाचा मार्ग धरतात. आणि ज्या फॉस्फेटेजमुळे मांडव सावरला जातो, तीच पेशीच्या वाढीला लगामही घालतात. लगाम सुटला की काय होऊ शकते हे सांगायला नको. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराला 'माणसात कर्करोगाला कारण होण्याची शक्यता असलेला' या गटात घातले. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घालून दिलेली मर्यादा एका लिटरला एक मायक्रोग्रॅम. ग्रॅमचा दहा लाखावा भाग.

एवढे सगळे नातवाला सांगितले नाही अर्थातच. त्याला मांडवापर्यंत सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे आपला गणपतीचा मांडव पावसात पडला होता तसं?" तसेच.

०००

या कुळातली सगळी विषे यकृतावरच जातात असे नाही. प्रत्येकाने पेशीतले वेगळे दार, वेगळी खोबण हेरलेली आहे.

अॅनाटॉक्सिन हे मज्जातंतूंचे विष. आपण हात उचलतो तेव्हा मज्जातंतूच्या टोकातून एक रसायन सुटते, स्नायूवरच्या कुलपात किल्लीसारखे बसते, स्नायू आखडतो. आणि लगेच एक विकर ती किल्ली तोडून टाकते, म्हणून स्नायू पुन्हा सैल पडतो. अॅनाटॉक्सिन ही नकली किल्ली. कुलपात बसते, पण तुटत नाही. स्नायू आखडून आखडून थकतो, आणि छातीचे स्नायू थकले की श्वास थांबतो. शोध लागला तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याला इंग्रजीत 'अतिजलद मृत्यूकारक' अशा अर्थाचे नाव दिले होते. सॅक्सिटॉक्सिन नेमके उलटे करते : मज्जातंतूत सोडियम शिरण्याचे जे दार असते, त्यालाच बूच मारते. संदेशच निघत नाही.

सॅक्सिटॉक्सिनचा संबंध आपल्या ताटाशी आहे. समुद्रात याला बनवणारे वेगळे एकपेशीय जीव असतात. शिंपले पाणी गाळून खातात, त्यामुळे हे जीव त्यांच्या मांसात साठतात. शिंपल्याला काही होत नाही, खाणाऱ्याचे ओठ बधिर होतात, मग हातपाय, मग श्वास. १९८१ मध्ये तामिळनाडूत अशा शिंपल्यांनी तीन माणसे गेली आणि ८५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. १९८३ मध्ये मंगळूरजवळ कुंबळेच्या खाडीत तसाच प्रकार घडला. १९९७ च्या सप्टेंबरात केरळात विळिंजमला सात मृत्यू, पाचशेहून अधिक माणसे आजारी. शिजवून हे विष जात नाही.

आमच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या मावशींना मी हे सांगितले, तेव्हा त्या पाटीवरचा हात न थांबवता म्हणाल्या, "मास्तर, पानी रंगलं की तिसरी खायची नाय, हे आमच्या आजीला पन म्हाइत व्हतं." मी गप्प बसलो. पाणी न रंगताही विष असू शकते हे माझे पुढचे वाक्य होते, पण ते दुसऱ्या दिवशी सांगितले.

मिठबंदराच्या अंगाला खाडीवर उतरले की हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे दिसतात. त्यांतला लहान रोहित हा मुख्यतः नीलहरित शेवाळ आणि असलेच सूक्ष्म जीव चोचीच्या चाळणीने गाळून खातो, त्याचा गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो. म्हणजे ज्या हिरव्याची मी भीती घालतो आहे, त्यावर या पक्ष्यांचा संसार चालतो. पण केनियातल्या बोगोरिया आणि नाकुरू सरोवरांवर हेच पक्षी हजारोंनी मेले, तेव्हा तिथल्या शेवाळात आणि मेलेल्या पक्ष्यांतही मायक्रोसिस्टिन आणि अॅनाटॉक्सिन ही विषे सापडली. मृत्यूचे कारण तेवढेच की जड धातू आणि रोगही, यावर शास्त्रज्ञांचे एकमत नाही.

०००

मला ज्या घटनेने झोप लागू दिली नाही ती ब्राझीलमधली. देशाच्या ईशान्येला कारुआरू नावाचे शहर आहे. १९९६ चा फेब्रुवारी. तिथल्या एका डायलिसिस केंद्रात रुग्णांना एकाएकी डोके दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, मळमळ, उलट्या सुरू झाल्या. सुमारे १३० रुग्णांपैकी ११६ जणांना त्रास झाला, शंभरांचे यकृत निकामी झाले. वर्षअखेरपर्यंत ७६ रुग्ण दगावले, त्यांतले ५२ मृत्यू या विषाच्या खात्यावर नोंदवले गेले. दुष्काळाचे दिवस होते. केंद्राला जलाशयाचे पाणी टँकरने येत होते आणि त्यावर पुरी शुद्धीकरणाची प्रक्रिया झालेली नव्हती. केंद्राच्या गाळण्या अपुऱ्या पडल्या. नंतर तपासणीत मायक्रोसिस्टिन सापडले ते त्याच गाळण्यांच्या कोळशात, आणि मेलेल्या माणसांच्या यकृतात.

डायलिसिसच्या रुग्णालाच का? हिशेब करून पाहा. तुम्ही-आम्ही दिवसाला दोन-तीन लिटर पाणी पितो, आणि ते आतड्यातून गाळून रक्तात जाते. डायलिसिसच्या यंत्रातून मिनिटाला साधारण अर्धा लिटर द्रव वाहतो, चार तासांत १२० लिटर. रुग्णाचे रक्त आणि हे पाणी यांच्यात फक्त एक पातळ पडदा. मध्ये जीभ नाही, जठर नाही, आतडे नाही. दादाच्या रक्ताला आठवड्याला ३६० लिटर पाण्याची गाठ पडते.

हे मी वाचले आणि दुसऱ्याच दिवशी दादाच्या खुर्चीशेजारी बसून, शक्य तितक्या सहज आवाजात, तिथल्या मुलाला विचारले, "पाण्याची व्यवस्था काय आहे हो इथे?"

"आरओ आहे काका."

"त्याच्या आधी कोळशाची गाळणी? ती कधी बदलता?"

तो जरा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. "ते सरांना विचारावं लागेल."

सर भेटायला तीन खेपा लागल्या. मधल्या दोन्ही वेळा मी बाकावर बसून भिंतीवरचे मूत्रपिंडाचे चित्र पाठ केले. दादा म्हणाला, "अरे, उगाच कशाला त्यांच्या मागे लागतोस? राग धरतील." रुग्णाच्या नातलगाने प्रश्न विचारू नये, ही आपल्याकडे एक न लिहिलेली अट आहे, आणि ती दादाने मनापासून पाळलेली आहे.

०००

इथे कोणी मला विचारील, कारुआरू कुठे आणि कोपरी कुठे? बरोबर आहे. ठाण्याला पाणी येते ते भातसा आणि उल्हासच्या खोऱ्यांतून, शुद्धीकरण होऊन, क्लोरीन घालून. योग्य मात्रेत आणि पुरेसा वेळ दिला तर क्लोरीन मायक्रोसिस्टिनची बांगडी तोडते. कोळशाची गाळणी ते धरून ठेवते. आरओचा पडदाही अडवतो. नळाच्या पाण्याविषयी घबराट पसरवण्याचा माझा हेतू नाही.

पण कल्याणजवळ मोहन्याच्या बंधाऱ्यापाशी उन्हाळ्यात उल्हास नदी पाहिली आहे तुम्ही? नदी दिसतच नाही, जलपर्णीचे हिरवे मैदान दिसते. ती जलपर्णी ज्या सांडपाण्यावर पोसली जाते, त्यातल्याच नत्र-स्फुरदावर नीलहरित शेवाळही पोसले जाते. आपल्या न्हाणीघरातून आणि संडासातून निघालेले, धुण्याच्या पावडरीतून गेलेले, निर्माल्यातून तळ्यात पडलेले. आणि हे फक्त आपल्याकडचेच दुखणे नाही. अमेरिकेत ईरी सरोवराकाठच्या टोलेडो शहरात २०१४ च्या ऑगस्टमध्ये चार लाखांहून अधिक लोकांना जवळजवळ तीन दिवस नळाचे पाणी पिऊ नका म्हणून सांगावे लागले. त्या सूचनेत एक वाक्य ठळकपणे होते : पाणी उकळू नका.

आता उकळण्याचा मुद्दा. आमच्या आईने आयुष्यभर पाणी उकळून गाळून प्यायला दिले आणि काविळीपासून विषमज्वरापर्यंत कितीतरी संकटे दारातूनच परतवली. ते उकळणे कोणीही सोडू नये. जंतू त्याने मरतात. पण मायक्रोसिस्टिन हा जंतू नाही, जंतूने बनवलेली वस्तू आहे. उकळल्याने हिरव्या पेशी फुटतात, आतले विष पाण्यात उतरते, आणि वाफ उडून गेल्यावर उरलेल्या पाण्यात ते अधिकच दाट होते. हिरव्या सायीच्या पाण्याला उकळी हा उतारा नाही.

तसाच दुसरा घरगुती उपाय मोरचुदाचा. तळे हिरवे झाले, टाका मोरचूद, चार दिवसांत पाणी स्वच्छ. ऑस्ट्रेलियात पाम आयलंडवर १९७९ मध्ये पिण्याच्या जलाशयावर हेच केले. शेवाळ मेले. आठवड्याभरात १४८ जण आजारी पडले, त्यांतली बहुतेक लहान मुले, यकृत सुजलेले, मूत्रपिंडे बिघडलेली. विष जिवंत पेशीत कोंडलेले होते. पेशी मारून माणसांनीच ते सगळे एकदम पाण्यात मोकळे केले. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी, गावाकडची विहीर, गणपतीनंतरचे तळे, कुठेही हा उपाय सुचवणारे एक तरी गृहस्थ असतातच. त्यांना हा आकडा सांगावा.

०००

तिसऱ्या खेपेला सर भेटले. तरुण डॉक्टर निघाले, रागावले वगैरे नाहीत. मला मागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे निळ्या टाक्या, नळ्यांचे जाळे, दाबाचे काटे आणि भिंतीवर टांगलेली एक वही होती. वहीत कोळसा बदलल्याच्या तारखा होत्या, शेवटची तारीख सात आठवड्यांपूर्वीची. कारुआरूचे नाव त्यांनी ऐकले होते. "शिकताना एका ओळीत होतं," ते म्हणाले, आणि मग स्वतःहून विचारले, "टँकरचं पाणी येतं तेव्हा आम्ही वेगळी नोंद करत नाही. करायला हवी, नाही का?"

मी परत आलो तेव्हा दादा डोळे मिटून पडला होता. "झालं समाधान?" त्याने डोळे न उघडता विचारले. मी वहीतली तारीख सांगितली. थोड्या वेळाने म्हणाला, "पुढच्या महिन्यात परत बघून ये."

घरी बाटलीचा प्रश्न शिल्लक होता. नातवाच्या प्रकल्पाला दहापैकी नऊ गुण पडले होते आणि त्याला ती आता नको होती. मोरीत ओतायला मी तयार नव्हतो, तळ्यात परत टाकायला तो तयार नव्हता. शेवटी गॅलरीतल्या जास्वंदीच्या कुंडीत ओतावी असे ठरले. मातीतले जंतू हे विष हळूहळू खाऊन टाकतात. आम्ही झाकण उघडतो तोच आतून वहिनींचा आवाज आला, "भावोजी, तुळशीत नको हं!"

नातवाने हातमोजे घातले, बाटली दोन्ही हातांनी धरली आणि साय काठावर येऊ न देता हळूहळू ओतली.